वाचकांचे प्रश्न : रुग्णालयातून घरी आल्यानंतर

खुब्याच्या फ्रॅक्चरविषयी या सदरात मागे जे लिहिले होते, त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : शस्त्रक्रिया झाली, औषधे सुरू झाली, रुग्ण घरी आला, आता पुढे काय? त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रत्यक्ष तपासणीची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत, हे कृपया लक्षात ठेवावे.

प्रश्न (पाटण तालुक्यातून एक वाचक) : माझी आई ७४ वर्षांची आहे. परसात पाय घसरून पडल्यामुळे तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून सांध्याचा गोळा बदलण्यात आला. पाचव्या दिवशी घरी सोडताना कागदावर ‘फिजिओथेरपी’ एवढा एकच शब्द लिहून दिला आहे. एक परिचित म्हणतात, तिला महिनाभर पुण्यातल्या पुनर्वसन केंद्रात ठेवा. आमच्या भागात पुनर्वसन म्हटले की कोयनेच्या पाण्यात गेलेली गावे आठवतात. आजारी माणसाचे पुनर्वसन म्हणजे नेमके काय, आणि आईला केंद्रात ठेवायलाच हवे का?

उत्तर : कोयनेचा उल्लेख वाचून मी जरा थबकले, कारण त्या शब्दाचा तुमच्याकडचा अर्थ आमच्या कामाच्या फार जवळचा आहे. गाव उठले की नुसती घराची जागा मिळून भागत नाही. पाणी कोठून आणायचे, गुरे कोठे बांधायची, बाजाराला कोणत्या वाटेने जायचे, हे सगळे नव्याने बसवावे लागते. आईंच्या बाबतीत शल्यविशारदांनी जागा मिळवून दिली आहे. अंथरुणावरून उठणे, शौचाला जाणे, अंघोळ, स्वयंपाकघरापर्यंतची चाल ही घडी पुन्हा बसवायची आहे, आणि त्या कामाला वैद्यकात पुनर्वसन म्हणतात. फिजिओथेरपी हा त्याचा एक भाग आहे.

ही सेवा आपल्याकडे साधारणपणे चार ठिकाणी मिळते. रुग्णालयातील पुनर्वसन विभागात दाखल होऊन रोज काही तास निरनिराळ्या तज्ज्ञांकडून उपचार घेणे हा सर्वांत सघन प्रकार असून तो मणक्याची इजा, मेंदूला मार किंवा मोठा पक्षाघात यांसाठी राखून ठेवावा. दुसरा प्रकार म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम. पुण्या-मुंबईत अशी केंद्रे गेल्या काही वर्षांत वाढली आहेत आणि तुमचे परिचित बहुधा त्यांच्याविषयीच बोलत आहेत. तिसरा प्रकार आठवड्यातून दोन-तीनदा बाह्यरुग्ण विभागात जाऊन उपचार घेण्याचा आणि चौथा फिजिओथेरपिस्टने घरी येऊन शिकवण्याचा.

पडण्यापूर्वी आई स्वतःच्या पायाने हिंडत-फिरत असतील, त्यांची समज शाबूत असेल, एका माणसाच्या आधाराने त्या खाटेवरून उठत असतील आणि दिवसभर घरात कोणी तरी असेल, तर केंद्रात ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही. घरचीच जागा, घरचीच खाट आणि घरचाच उंबरा यांवर केलेला सराव अधिक उपयोगी पडतो. उलट उठवायला दोन माणसे लागत असतील, शस्त्रक्रियेनंतर त्या बरळत असतील किंवा दिवसा घरी एकट्या राहणार असतील, तर दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम जरूर विचारात घ्या. मात्र केंद्र निवडताना खोल्या आणि बाग पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा : रोज प्रत्यक्ष किती वेळ उपचार दिले जातात, ते पदवीधर थेरपिस्ट देतात की मदतनीस, आणि घरच्या माणसांना शिकवले जाते का. या तीन प्रश्नांना मोघम उत्तरे मिळाली, तर ते शुश्रूषागृह आहे असे समजा. शुश्रूषागृहात गैर काही नाही, पण त्यासाठी पुनर्वसनाचे दर मोजू नयेत.

जे काही ठरवाल ते या आठवड्यात ठरवा. ‘अजून दुखते आहे, थोडे दिवस पडून राहू दे’ ही आपल्या घराघरांतली माया म्हाताऱ्या माणसाला फार महाग पडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे मिळून जवळजवळ एक किलो मांस झडले. त्यांचे तर हाडही मोडलेले नव्हते. गोळा बदलल्यानंतर बहुतेक रुग्णांना पायावर पूर्ण भार देण्याची परवानगी असते. तुमच्या कागदावर ते लिहिलेले नसेल, तर शल्यविशारदांना फोन करून एवढे एक वाक्य विचारून घ्या, आणि मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे किती आठवडे टाळायचे, हेही त्यांच्याकडूनच समजून घ्या. शस्त्रक्रिया सांध्याच्या कोणत्या बाजूने केली यावर ते अवलंबून असते.

घरातली कामे मात्र तुमची आहेत. बाज किंवा दिवाण बुटका असेल, तर पायांखाली विटा देऊन तो इतका उंच करा, की बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाणार नाहीत. शौचासाठी कमोडची खुर्ची आणा. अंघोळीच्या वेळी पाटाऐवजी प्लास्टिकची भक्कम खुर्ची ठेवा. खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवरची पायपुसणी, गोधड्या आणि वायरी उचला. चालताना आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय हा क्रम आहे. आई घाईने वॉकरच्या आतच दोन पावले टाकतील, तेव्हा त्यांना थांबवा. देव्हारा जमिनीलगत असेल, तर तो चौरंगावर घ्या, नाही तर एकादशीच्या दिवशी कोणाचे लक्ष नसताना त्या खाली बसतील आणि नवा सांधा निखळल्याच्या तक्रारीसह रुग्णालयात परत येतील. हे मी कल्पनेने लिहीत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्यांना काय करायचे आहे, हे त्यांनाच विचारा. ‘परसातल्या तुळशीला पाणी घालायचे आहे’ असे उत्तर आले, तर थेरपिस्टला तेच सांगा. खाटेपासून तुळशीपर्यंत किती पावले आहेत, मध्ये किती पायऱ्या आहेत, तांब्या धरायला एक हात कसा मोकळा करायचा, यावरून सहा-आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखता येतो. ‘पाय वीस वेळा वर करा’ यापेक्षा म्हातारी माणसे असा कार्यक्रम अधिक मनापासून करतात. आणखी एक गोष्ट : परसात घसरल्याने खुबा मोडतो, तेव्हा हाडे ठिसूळ झालेली असतात. त्याचे उपचार स्वतंत्रपणे सुरू करावे लागतात आणि कित्येकदा घरी सोडतानाच्या गडबडीत ते राहून जातात. पुढच्या भेटीत तो विषय तुम्ही काढा.

प्रश्न (नाशिकहून एक वाचिका) : माझ्या यजमानांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. त्यांचे वय ५८, किराणा मालाचे दुकान आहे. उजवा हात आणि पाय गेला होता. आता काठीने चालतात, पण हात छातीशी आखडून राहतो. बोलता येत नाही, ‘हो’ आणि ‘ते’ हे दोनच शब्द येतात. आम्ही रोज तेलमालीश करतो आणि हातात रबरी चेंडू दाबायला देतो. सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते, असे सगळे म्हणतात, म्हणून मन घाबरून गेले आहे. उरलेल्या दोन महिन्यांत काय करता येईल?

उत्तर : ही सहा महिन्यांची गोष्ट कोणी तरी अर्धवट ऐकली आणि ती गावोगाव पसरली. पहिल्या तीन महिन्यांत मेंदूची आपोआप होणारी भरपाई वेगाने होते, त्यानंतर तो वेग मंदावतो आणि सहा महिन्यांच्या सुमारास ती रेषा बरीच सपाट होते, एवढे खरे आहे. पण दार बंद होत नाही. चांगला हात मोज्यात बांधून ठेवून दुबळ्या हातालाच दिवसभर काम करायला लावण्याची एक पद्धत आहे. तिची अमेरिकेत मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात घेतलेले रुग्ण पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेले होते, आणि दोन आठवड्यांच्या त्या सरावाने त्यांच्या हाताच्या वापरात सुधारणा झाली. अर्थात ज्यांना मनगट आणि बोटे थोडी तरी स्वतःहून उघडता येत होती, अशांनाच त्यात घेतले होते. यजमानांचा हात त्या टप्प्यावर आहे की नाही, हे तपासूनच सांगता येईल.

आता चेंडूविषयी. पक्षाघाताच्या जवळजवळ प्रत्येक घरात तो पिवळा, हसऱ्या तोंडाचा चेंडू मला दिसतो. तुमच्या यजमानांचा हात कोपरात दुमडलेला आहे, मूठ वळलेली आहे आणि मनगट खाली झुकलेले आहे. म्हणजे मिटण्याची ताकद त्यांच्याजवळ आहे, उघडण्याची नाही. ज्या हाताला सोडता येत नाही, त्याला दिवसभर दाबायला लावून काय साधणार? चेंडू बाजूला ठेवा. त्याऐवजी टेबलावर टॉवेल पसरून त्यावर उजवा हात ठेवायला सांगा, आणि डाव्या हाताच्या मदतीने तो टॉवेलसकट पुढे सरकवून कोपर सरळ करायचा सराव दिवसातून तीन-चार वेळा घ्या. रात्री मनगट आणि बोटे सरळ ठेवणारी पट्टी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे तज्ज्ञ, बनवून देतात. आखडणे फार असेल, तर गोळ्या आणि स्नायूंत देण्याची बोटुलिनमची इंजेक्शने हे पर्याय आहेत. पण इंजेक्शननंतरचे काही आठवडे ताणाचा आणि कामाचा सराव झाला नाही, तर ते पैसे पाण्यात जातात. मालिशीने त्यांना बरे वाटत असेल तर ती करा, पण तिला उपचारांत धरू नका, आणि मालीश करणाऱ्याला उजवा हात ओढू देऊ नका. दुबळ्या बाजूचा खांदा त्याच्या स्नायूंनीच धरलेला असतो. ते सैल पडले असताना हात ओढून किंवा काखेत हात घालून उठवले, की खांदा दुखावतो आणि त्या दुखण्यापायी पुढचे कित्येक आठवडे कोणताच सराव करता येत नाही.

बोलण्याविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत. माझ्या मते दुकानदार माणसाच्या आयुष्यात हातापेक्षा तीच मोठी गोष्ट आहे. त्यांना तुमचे बोलणे समजते का, हे आधी नीट तपासून घ्यायला हवे. कारण ‘हो’ हा शब्द पुष्कळदा होकार नसतो; तोंडात उरलेला तेवढा एकच नाणे असलेला गल्ला असतो, आणि माणूस प्रत्येक देण्याला तेच नाणे काढतो. ‘चहा हवा का?’ असे विचारण्याऐवजी समोर चहाचा कप आणि पाण्याचा पेला धरा आणि बोट दाखवायला सांगा.

दुसरे म्हणजे, ज्यांना हवी ती वस्तू शब्दांत मागता येत नाही अशा रुग्णांच्या तोंडून पाठ झालेल्या गोष्टी सलग बाहेर पडतात. बायकोचे नाव घेता न येणारे माझे एक रुग्ण, धान्याचे व्यापारी, ‘बे एके बे’ म्हणून मी सुरुवात करून दिली तेव्हा थेट वीसपर्यंत गेले आणि स्वतःच रडू लागले. पाढे, वार, महिने, आरती, गुणगुणायची गाणी ही मेंदूत निराळ्या वाटेने साठलेली असतात, आणि वाचोपचार करणारे तज्ज्ञ त्या वाटेने साध्या शब्दांकडे येण्याचा प्रयत्न करतात. हे उपचार मराठीतूनच झाले पाहिजेत, असा आग्रह धरा. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण या विषयांत काम करते. तेथे एकदा सविस्तर मूल्यमापन करून घेतले, तर घरी करायचा सराव नाशिकमध्ये चालू ठेवता येईल. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओला वाटत असेल, तर गिळण्याची तपासणीही तेच तज्ज्ञ करतात. ती पुढे ढकलू नका.

पक्षाघातानंतर साधारणपणे दर तीन रुग्णांमागे एकाला नैराश्य येते. बोलता न येणारा माणूस ते सांगू शकत नाही. तो फक्त सरावाला नकार देतो, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. तसे काही दिसत असेल, तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधे आहेत.

दोन महिन्यांत सगळे उरकायचे म्हणून त्यांना दिवसभर दामटू नका. रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या दोन बैठका आणि मधल्या वेळात दुकानात बसणे, हे मी सुचवीन. हो, दुकानातच. डाव्या हाताने मोड मोजणे, ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे पाहून मान हलवणे, वजनकाट्यावरचा आकडा वाचणे, याच्या तोडीचा व्यायाम कोणत्याही केंद्रात मिळत नाही.

प्रश्न (इचलकरंजीहून एक वाचक) : माझे वय ३४, मी यंत्रमागावर काम करतो. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या तळहातावर खोल जखम होऊन दोन बोटांच्या नसा तुटल्या. त्या जोडल्या आणि प्लास्टर घातले. बोटे अजिबात वळत नाहीत. घरचे म्हणतात, महिनाभर हात हलवू नकोस. कामावर कधी जाता येईल?

उत्तर : आपण ज्याला बोलण्यात ‘नस’ म्हणतो तिच्यात बोट वळवणारा दोरा, संवेदना देणारी नस आणि रक्तवाहिनी असे तिन्ही मोडते. तुमचे दोरे, म्हणजे स्नायुबंध, तुटले असावेत असे धरून लिहिते. जोडलेला दोरा दोन्ही बाजूंनी अडचणीत असतो : फार हलवला तर जोड उसवतो, अजिबात हलवला नाही तर तो आजूबाजूच्या मांसाला चिकटतो. म्हणून हल्ली शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, बोटे एका मर्यादेपलीकडे सरळ होऊ न देणारी पट्टी हाताच्या मागच्या बाजूने बांधून, तिच्या आत ठराविक हालचाल सुरू करतात. तुमचे तीन आठवडे गेले आहेत. या पत्राचे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता तुम्ही शल्यविशारदांना भेटला असाल, अशी आशा करते. नसाल, तर उद्या जा आणि ‘हँड थेरपी कोठे मिळेल?’ असे स्पष्ट विचारा. स्वतःच्या मनाने बोटे ताणू नका. याच आठवड्यांत सर्वाधिक दोरे तुटतात, आणि तेही पिशवी उचलण्यासारख्या किरकोळ कामात.

हे काम प्रामुख्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टचे आहे. गरम पाण्यात मऊ होणारा प्लास्टिकचा पत्रा हातावर बसवून ते पट्टी घडवतात. थंड झाल्यावर ती कडक होते, आणि दर आठवड्याला पुन्हा तापवून तिचा कोन बदलता येतो. या शास्त्राचे भारतातले पहिले शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केले. त्या जन्माने अमेरिकन होत्या. एवढे असूनही आपल्याकडे पुष्कळ तालुक्यांत या तज्ज्ञांचे नावही ठाऊक नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पट्टी साधारण सहा आठवडे, हलकी पकड त्यानंतर आणि जोर लावण्याचे काम बारा आठवड्यांच्या सुमारास, असा ढोबळ हिशेब असतो. यंत्रमागाच्या कामात सुताची गाठ मारणे, कांडी बदलणे आणि बीम उचलणे ही तीन निरनिराळ्या ताकदीची कामे आहेत. थेरपिस्टला ती प्रत्यक्ष करून दाखवा, कांडी आणि सूत सोबत घेऊन जा. गाठीपासून सुरुवात करून बीम शेवटी, अशी टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याची चिठ्ठी मालकांना देता येते. पगारातून तुमचा कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) हप्ता कापला जात असेल, तर कामावरील इजेमुळे तात्पुरते अपंगत्व आले असताना सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. अपघाताची नोंद कारखान्याच्या वहीत झाली आहे का, ते आजच पाहा. विमा नसेल, तरी कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाकडून मिळण्याची तरतूद आपल्याकडे १९२३ सालापासून आहे.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक) : वडिलांच्या मेडिक्लेममधून फिजिओथेरपीचे पैसे मिळत नाहीत. वय ७२. काही सरकारी मदत आहे का?

उत्तर : बहुतेक पॉलिसी रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ठराविक दिवसांपुरताच आणि डॉक्टरांची लेखी शिफारस असेल तरच असा खर्च देतात, किती दिवस, ते पॉलिसीत लिहिलेले असते. म्हणून घरी सोडताना किती बैठका आणि कशासाठी हे लिहून घ्या आणि प्रत्येक बैठकीची पावती ठेवा. ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते, पण तिचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. उपकरणांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३००० रुपये मिळतात. त्यात काठी, वॉकर, कमोडची खुर्ची एवढे बसते.

प्रश्न (नगर जिल्ह्यातून एक वाचक) : माझा २६ वर्षांचा पुतण्या बांधकामावरून पडला. कमरेखाली संवेदना नाही. शस्त्रक्रियेला दोन महिने झाले. एका ठिकाणी मूळपेशींच्या (स्टेम सेल) इंजेक्शनांसाठी काही लाख रुपये सांगितले आहेत. जमीन विकावी का?

उत्तर : विकू नका. मणक्याच्या इजेवर मूळपेशींचा उपचार सिद्ध झालेला नाही, आणि मान्यताप्राप्त संशोधनाच्या बाहेर तो पैसे घेऊन देणे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. जे पैसे आहेत, ते दाखल होऊन घेण्याच्या पुनर्वसनासाठी ठेवा. सुरुवातीला मी ज्याला सघन प्रकार म्हटले, तो अशाच रुग्णांसाठी असतो. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून हेच काम करते. तेथे एकदा दाखवा.

तेथे काय शिकवतील, याची कल्पना देते, म्हणजे निराशा होणार नाही. ‘चालवतील’ ही अपेक्षा घेऊन गेलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात लघवीविषयी शिकवले जाते. मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्याने जंतुसंसर्ग होतो आणि शेवटी मूत्रपिंडे जातात; म्हणून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी स्वतःच्या हाताने घालून लघवी काढायची, हे मुलगा आरशात पाहून शिकतो. दुसरा धडा कातडीचा. रात्री दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर शरीर उचलणे, आणि झोपण्यापूर्वी माकडहाडाची जागा मोबाइलने फोटो काढून पाहणे. लालसर डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल, तर त्या जागेवर भार टाकणे बंद करायचे. मग खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, खुर्चीतून रिक्षात जाणे शिकवतात. ही तंत्रे फार जुनी नाहीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुधा काही महिन्यांत दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून दोन तासांनी कूस बदलण्याची आणि खेळांची शिस्त लावली आणि चित्र पालटले. खेळ हा त्या उपचारांचाच भाग होता.

पुतण्याला सांगण्यासारखे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. सांगली जिल्ह्यात जन्मलेले मुरलीकांत पेटकर सैन्यात असताना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले. प्रत्येकाने पदक आणावे असे मी म्हणत नाही; मोबाइल दुरुस्तीचे काम शिकून पुतण्या दिवसाचे सहा तास खुर्चीत बसू लागला, तरी माझ्या दृष्टीने कार्यक्रम यशस्वी झाला. त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढण्याची प्रक्रिया दाखल असतानाच सुरू करा.

प्रश्न (रत्नागिरी जिल्ह्यातून एक वाचिका) : सासरे ७८ वर्षांचे आहेत. सहा महिन्यांत दोनदा पडले, हाड मोडले नाही, पण आता भीतीने अंगणातही येत नाहीत. फिजिओथेरपिस्ट तीस किलोमीटरवर आहे. माझे यजमान पुण्यात असतात. ते म्हणतात, मोबाइलवर व्हिडिओने व्यायाम करून घेऊ. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण पहिली भेट प्रत्यक्षच व्हायला हवी. घरी राहणाऱ्या वृद्धांसाठी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला एक व्यायामक्रम जगभर वापरला जातो. ऐंशी वर्षे आणि त्यावरील वयाच्या स्त्रियांवर झालेल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांत पडण्याचे प्रमाण घटलेले दिसले. तज्ज्ञ वर्षभरात मोजक्याच वेळा घरी येतो, बाकीचे दिवस वृद्ध आपले आपण आठवड्यातून तीनदा पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करतात आणि थोडे चालतात. तुमच्यासाठी हा नमुना सोयीचा आहे : एकदा तपासणी, मग व्हिडिओवर देखरेख. पण व्हिडिओच्या वेळी तुम्ही किंवा घरातले कोणी तरी त्यांच्याजवळ उभे असलेच पाहिजे. पडणारा माणूस पुण्यात बसून सावरता येत नाही.

तोपर्यंत घरी एक मोजमाप करा. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत जायचे, वळून परत येऊन बसायचे. याला बारा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. आकडा लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. सासरे कोणत्या गोळ्या घेतात ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण झोपेची गोळी आणि रक्तदाबाच्या गोळ्या ही पडण्याची नेहमीची कारणे आहेत. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. काठी दुखऱ्या किंवा दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे दहांतल्या नऊ घरांत उलटे असते. हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला यावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

तुमच्या पत्रात दोन्ही पडणी मागच्या दारी न्हाणीकडे जाताना, चिऱ्याच्या पायऱ्यांवर झाल्याचे लिहिले आहे. पहिला पाऊस पडण्याआधी त्या पायऱ्यांवरचे शेवाळ चुना टाकून घासून काढा, एका बाजूला कमरेइतक्या उंचीचा लोखंडी नळ कठडा म्हणून बसवून घ्या आणि काठीच्या टोकाचा रबरी बूट झिजला असेल तर बदला. बाजारात तो थोड्याशा पैशांत मिळतो. अंगणात आणायचे ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आणि पहिल्या दिवशी फक्त ओटीवरच्या खुर्चीपर्यंत.